गावची लोहारसाळ



वैशाख सरत येतो, मृग पंधरा दिवसांवर दिसू लागतो, आणि गावात एकच लगबग सुरू होते. कोणी तिफण काढून पाहतो, कोणाच्या वखराची पास झिजलेली असते, कोणाला खुरपी पाजवून हवी असतात. पूर्वी अशा दिवसांत गावाच्या कडेने एक आवाज पहाटेपासून कानी येई. आधी भात्याचा फुस्सकन श्वास, मग घणाचा जड ठोका, आणि त्याला उत्तर दिल्यासारखा हातोडीचा हलका ठोका. तो आवाज ऐकला की घरातला कर्ता माणूस म्हणे, "उठा रे, लोहाराचा भाता लागला. उशीर केला तर नंबर दुपारी लागंल."

आज आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती गावांत हा आवाज ऐकू येतो? गेवराई-माजलगावच्या गंगथडीत काय, की पाटोदा-आष्टीच्या बालाघाटी डोंगरात काय, बोटांवर मोजावी इतक्याच साळा उरल्या असतील. लोखंड काही गावातून गेलेले नाही. उलट आज घरोघर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोखंड आहे. मग लोहार का गेला? आणि जिथे तो आहे, तिथे त्याच्या ऐरणीवर आज काय घडते? या दोन प्रश्नांचा थोडा विचार आपण आज करणार आहोत.

आधी साळ कशी होती ते आठवू या. चार मेढी, वर पाचट किंवा पत्रे, तीन बाजूंनी आडोसा. मध्ये जमिनीत आगटी. तिला वारा देणारा चामड्याचा भाता. बाभळीच्या ओंडक्यात पक्की रोवलेली ऐरण. शेजारी पाण्याची दगडी डोण, आणि भोवती घण, हातोडे, सांडशी, छिन्न्या, कानशी यांचा पसारा. साळेत नेहमी अंधारसे असे. पुष्कळांना वाटे, लोहार गरीब म्हणून खिडकी नाही. पण त्यामागे कारण होते. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात नीट कळत नाही. लालसर, लाल, नारिंगी, पिवळा हे फरक सावलीतच दिसतात, आणि लोहाराचे सारे शास्त्र त्या रंगांवर उभे असते. त्याच्याजवळ उष्णतामापक नव्हता. त्याचा डोळा हाच त्याचा उष्णतामापक.

आणि एक गोष्ट विसरू नये. साळ एकट्या पुरुषाची कधीच नव्हती. भाता ओढायला घरची लक्ष्मी असे. पुष्कळ घरी घणही तीच मारी. नवरा सांडशीत तापले लोखंड धरून हातोडीने जागा दाखवी, आणि बायको नेमक्या त्याच जागी घण टाकी. 'लोहार' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा पुरुष उभा राहतो. खरे पाहता ते जोडप्याचे काम होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता थोडा मागचा इतिहास. महाराष्ट्रात लोखंड फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. तिथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानतात. म्हणजे आपल्याकडे दगडातून लोखंड काढणारी माणसे सम्राट अशोकाच्याही आधी होती.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. तीच नदी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. तिथल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपला बीड जिल्हा एकाच हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होते. त्या कोनासमुद्रमला मातीच्या लहान लहान मुशींत लोखंड वितळवून उत्तम पोलाद करीत. इराणचे व्यापारी ते घेण्यासाठी तिथे येऊन राहत. ज्या दमास्कसच्या तलवारींची जगभर कीर्ती झाली, त्यांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातून जात असे. हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. त्याच सुमारास विलायतेत मायकेल फॅरडे हा थोर शास्त्रज्ञ आपल्याकडच्या पोलादाचे तुकडे तपासून त्याचे मर्म शोधीत होता. विजेच्या शोधांमुळे ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकात येते, तोच हा फॅरडे.

खुद्द बीड शहराचीही एका पात्यासाठी ख्याती होती. इथली चामड्याची छागल जशी नावाजलेली, तशीच इथली गुप्तीही. दिसायला हातातली काठी, आणि आत लपवलेले धारदार पाते.

पण गुप्ती आणि तलवार चार माणसांच्या हाती. गावाला हवा होता तो फाळ, पास, विळा, खुरपे, कुऱ्हाड, मोटेचे कडे आणि गाडीची धाव. हे करणारा लोहार बारा बलुतेदारांपैकी एक, आणि बहुतेक गावांत तो वरच्या ओळीत गणला जाई. शेतकऱ्याचे औत ज्यावाचून अडते, त्याचा वाटा मोठा, असा साधा हिशेब होता. ज्वारीची रास मळून झाली की लोहार खळ्यावर हजर होई. वर्षभर त्याने मजुरी मागायची नाही, आणि शेतकऱ्याने सुगीला त्याचा वाटा चुकवायचा नाही. लोखंड आणि पुष्कळदा कोळसाही शेतकऱ्याने आणायचा. लोहाराचे फक्त हात आणि हुन्नर. वाटा औतावर ठरे, आणि गावागावाचा रिवाज निराळा असे.

या व्यवस्थेबद्दल आपण कधीकधी फार गोड बोलतो. तिच्यात गोडवा होता, नाही असे नाही. मोडका फाळ घेऊन आलेल्या माणसाला 'आधी पैसे टाका' असे कोणी म्हणत नसे. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पीक बुडाले की बलुतेही बुडाले. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आपला हा भाग होरपळून निघाला, आणि १९०१ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्याची वस्ती घटलेली दिसली. ज्या वर्षी खळेच नाही, त्या वर्षी खळ्यावरचा वाटा कुठला? शेतकऱ्याजवळ निदान जमीन होती. लोहाराजवळ ऐरण होती, आणि ऐरण काही पोटाला खाता येत नाही. शिवाय लोहाराच्या पोराने लोहारच व्हायचे, हे जन्माआधीच ठरलेले. आणि त्याहून कठीण गोष्ट म्हणजे आगटीत लोखंड सर्वांचे सारखेच तापत असे, पण साळेच्या सावलीत सर्वांना सारखी जागा नव्हती. गावकुसाबाहेरच्या माणसाला आपला विळा घेऊन बाहेर उन्हातच उभे राहावे लागे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' या ग्रंथात कारूनारूंच्या या व्यवस्थेची बारकाईने छाननी केली, आणि तिचे दोषही उघडपणे मांडले. शिक्षकांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

गावच्या लोहाराखेरीज आणखी एक लोहार आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे घिसाडी. पाल ठोकून गावाबाहेर आठ दिवस राहायचे, विळे-खुरपी करून विकायची, आणि पुढचे गाव गाठायचे. त्यांच्या स्त्रिया भर रस्त्यात, मांडीवरचे लेकरू बाजूला ठेवून घण मारताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांना खळ्यावरचा हक्क नव्हता. काम केले की रोख घ्यायचे किंवा धान्य घ्यायचे. एका अर्थी पुढे जो व्यवहार सगळ्या गावात आला, तो त्यांनी आधीपासूनच पाळला होता. बलुते तुटले तसा घिसाडी आणि गावचा लोहार यांच्यातला फरकही पुसट होत गेला.

आता थोडे त्यांच्या विद्येविषयी. शिक्षक मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडतील अशी दोन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण गाडीच्या धावेचे. सुताराने लाकडी चाक तयार केले की त्यावर लोखंडी धाव चढवायची. लोहार ती धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करी. मग गोवऱ्यांच्या आगीत ती सारखी तापवायची. लाल झाली की दोघा-तिघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि धाव अशी आवळे की चाकाचे सांधे करकरून घट्ट होत. हिशेब करून पाहा. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे साडेबारा फूट. लोखंड दर अंशाला दहा लाखांत बारा भाग वाढते. धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा घेर जवळजवळ एक इंचाने वाढतो. लोहाराला हे आकडे ठाऊक नव्हते, पण तो इंच त्याला दोरीने मापता येत होता. धाव फार लहान ठेवली तर आरे मोडत, फार सैल ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड आटून धाव वाटेतच निखळे.

दुसरे उदाहरण पाणी देण्याचे. 'या विळ्याला पाणी चांगलं आहे' असे आपण म्हणतो, ते कोणते पाणी? पोलादाचे पाते लाल तापवून एकदम पाण्यात बुडवले की ते फार कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते, दगडावर बसले की तुकडा उडतो. म्हणून लोहार फक्त धार बुडवी, मागचा भाग तापलेलाच ठेवी. मग पाते बाहेर काढून दगडावर घासून लख्ख करी आणि डोळे लावून बसे. मागची उष्णता हळूहळू धारेकडे सरकू लागे आणि चकचकीत पात्यावर रंग धावत येत. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा रंग सुमारे दोनशे तीस अंशांना उमटतो, निळा तीनशे अंशांच्या आसपास. पिवळ्यावर थांबवले तर धार कडक राहते. कुऱ्हाडीसारख्या घाव सोसणाऱ्या हत्याराला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यावे लागते. योग्य रंग धारेशी आला की पाते पुन्हा पाण्यात. हा सगळा खेळ काही क्षणांचा. हे कोणत्याही पुस्तकात वाचून त्याला आलेले नव्हते. बापाने 'आता!' म्हटले आणि पोराने पाते बुडवले, असे पिढ्यानपिढ्या चालले. त्या 'आता'मध्ये सारी विद्या होती.

मग हे सगळे मोडले कसे? एका दिवसात नाही मोडले. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून स्वस्त लोखंडाच्या पट्ट्या आणि सळ्या येऊ लागल्या. त्यांच्यापुढे देशी भट्ट्या विझल्या. कोनासमुद्रमही विझले. विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी या वाटेने हैदराबादकडे रेल्वे सुरू झाली, आणि मराठवाड्याच्या पेठांत तयार माल पोहोचू लागला. १९१२ साली साकची येथे टाटांच्या कारखान्यात पोलाद निघू लागले. गावच्या लोहाराचे यात तेव्हा नुकसान झाले नाही, उलट त्याला लोखंड सुलभ झाले.

पुढचा बदल नांगराचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने सुरुवातीला ते नांगर खपेनात. पुढे मात्र काळ्या रानात त्यांनी चांगले काम दिले आणि शेतकऱ्याने ते आपलेसे केले. शेतकऱ्याचा त्यात फायदाच झाला. लोहाराचे मात्र एक काम गेले. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो. बिडाचा तवा घरोघर असतो. जिल्ह्याचे नाव आणि धातूचे नाव एक, हा निव्वळ योगायोग. हे बीड तापवून ठोकता येत नाही, ठोकले तर फुटते. कारखान्यातला ओतीव भाग मोडला की गावच्या ऐरणीवर तो सांधत नसे. नवा भाग पेठेतूनच आणावा लागे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी आपला मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. रस्ते, शाळा, सोसायट्या आल्या. रोख पिके आणि रोख व्यवहार वाढला. शेतकरी म्हणू लागला, "वर्षाचं बलुतं कशाला? काम झालं की पैसे घ्या." लोहारालाही ते बरे वाटले, त्यात स्वातंत्र्य होते. पण त्याबरोबर तयार फाळ दुकानात आला, मोटेच्या जागी इंजिन आणि वीजपंप आला, लाकडी चाकाच्या जागी टायरची गाडी आली, आणि मग ट्रॅक्टर आला. धाव गेली, मोटेचे कडे गेले, फाळ गेला. १९६५ साली 'साधी माणसं' हा चित्रपट निघाला. त्यातले 'ऐरणीच्या देवा' हे लता मंगेशकरांचे गाणे आकाशवाणीवरून घरोघर पोहोचले. सारा महाराष्ट्र लोहाराचे गाणे गुणगुणत होता, त्या वेळी ऐरणी एकेक करून थंड होऊ लागल्या होत्या.

१९७२ च्या दुष्काळात ऐरणीला काही दिवस वेगळेच काम मिळाले. गावोगाव खडी फोडण्याची, नाला-बांधाची, तलावाची कामे निघाली. हजारो हातांत कुदळी, पहारी, सुतक्या आल्या. त्या कठीण दगडावर रोज बोथट होत, आणि रोज त्यांना टोक काढावे लागे. शेतकरी आणि लोहार दोघेही त्याच कामावर मजूर म्हणून भेटले.

आणि त्याच काळापासून एक हत्यार आपल्या जिल्ह्याच्या नशिबाशी जोडले गेले. ते हत्यार म्हणजे कोयता. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखाने वाढले, ऊस वाढला. बालाघाटाच्या हलक्या जमिनीवर, एका पावसावर जगणारी आपली माणसे दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाऊ लागली. आजही जातात. पाडव्याच्या सुमारास परत येतात. या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? 'एक कोयता'. मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो.

आता मघाची गोष्ट आठवा. साळेतही जोडपेच होते, एक सांडशी धरणारा आणि एक घण मारणारी. आज जी थोडी साळ चालू आहे, ती दसऱ्याच्या आधी कोयत्यांसाठी चालते. मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे आणायचे, ते तापवून तोडायचे, कोयत्याचा आकार द्यायचा, पाणी पाजायचे. त्या पाट्याचे पोलाद उत्तम असते, आणि लोहाराची विद्या अजून खरी आहे. एक जोडपे ऐरणीवर कोयता घडवते, आणि दुसरे जोडपे तो घेऊन गाव सोडते. पूर्वी लोहार जे घडवी, ते माणसाला स्वतःच्या रानात राबण्यासाठी होते. आज त्याच्या हातून प्रामुख्याने जे घडते, ते माणसाला परक्या फडात नेण्यासाठी आहे. लोहारसाळेचा इतिहास म्हणजे आपल्या गावाचाच इतिहास, असे मी म्हणतो ते यासाठी. आणि ऊसतोडणीची यंत्रे आता फडात उतरली आहेत. उद्या कोयताही मागे पडेल. तो पडावा, त्या कष्टांतून आपली माणसे सुटावीत, असेच कोणीही म्हणेल. पण मग त्या जोडप्याने आणि या जोडप्यानेही काय करायचे, याचा विचार आज करायला हवा.

सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा कारागिरींत लोहारकाम आहे. अवजारांसाठी साहाय्य आणि कमी व्याजाने कर्ज अशी तिची सोय आहे. आपल्या गावच्या लोहाराला ती माहीत आहे का, हे गावातल्या शिकलेल्या माणसाने विचारावे. ग्रामपंचायतीत अर्ज वाचून दाखवणे एवढेही पुष्कळ आहे.

शेवटी शिक्षक मित्रांना एक दूरची हकिगत सांगतो. आयर्लंड नावाचा एक लहानसा देश आहे, आपल्यासारखाच इंग्रजी अमलातून सुटलेला. तिथल्या खेड्यातही लोहाराची साळ हा गावाचा पार होता. घोड्याला नाल मारेपर्यंत लोक तिथे गप्पा मारीत बसत. साळेतल्या डोणीच्या पाण्याने चामखीळ जाते अशीही समजूत होती. तीही साळ मोडू लागली, तेव्हा त्या देशाने एक साधी युक्ती केली. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील सुमारे पन्नास हजार मुलांना वह्या दिल्या आणि सांगितले, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, आणि लिहून आणा. विचारायच्या विषयांत गावची लोहारसाळही होती. साळ कुठे होती, कोण चालवी, छप्पर कसे होते, कोणती अवजारे होत, असे मुलांनी लिहिले. त्या वह्यांचा संग्रह आज त्या देशाचे मोलाचे धन मानला जातो. खर्च किती? वही आणि शिसपेन्सिल.

आपल्या जिल्ह्यात शाळा कमी नाहीत आणि आजोबाही अजून आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना एक सुटीचा दिवस द्या. गावात साळ कोठे होती? ऐरण आज कोणाकडे आहे? धाव चढवताना कोण कोण लागे? विळ्याचे पाणी कोणत्या रंगावर धरीत? बलुते किती मिळे, आणि कोणत्या वर्षी मिळालेच नाही? साळेच्या आत कोण बसे, आणि बाहेर उन्हात कोण उभा राही? घण कोण मारी? एवढे सात प्रश्न फळ्यावर लिहा. मुले उत्तरे आणतील. शब्दही आणतील, जे आपल्या-तुमच्या शब्दकोशात नसतील.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या पडवीत, गोठ्याच्या कोपऱ्यात एखादा जुना फाळ किंवा मोटेचे कडे गंजत पडले असेल. भंगारवाला दारात आला की ते वजनावर जाते. या वेळी देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. त्यावर हातोडीचे ठसे दिसतील. तो तुकडा शाळेला द्या, आणि तो कोणी घडवला त्याचे नाव गुरुजींना सांगा. नाव आठवत नसेल, तर ज्याला आठवते असा म्हातारा अजून गावात आहे, त्याच्याकडे मृगाच्या आत जाऊन या.